वेलांटी

१९९३ साली बारावीचा निकाल लागला आणि पुढच्याच आठवड्यात वडिलांनी मला नौपाड्यातल्या टायपिंगच्या क्लासला घातलं. वडील फिटर होते, आम्ही कळव्याच्या चाळीत राहायचो, तिघी बहिणींत मी थोरली. पदवी होईल तेव्हा होईल, आधी टायपिंगची दोन सर्टिफिकिटं हातात पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. लिपिकाच्या प्रत्येक जाहिरातीत तेव्हा तेच मागायचे: मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०.

क्लासमध्ये लोखंडी मशीनं होती. करंगळीने बटण दाबायला सगळा हात लावावा लागे. मराठी मशीनवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. ‘किती’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क, मग त, मग दुसरी वेलांटी. कागदावर डावीकडून जसं दिसतं त्या क्रमाने मशीन उमटवतं. तोंडाने आपण आधी क म्हणतो आणि बोट मात्र आधी वेलांटीवर जातं. पहिले दोन महिने माझं सगळं तिथेच अडायचं. एकदा ते बोटात बसलं, आणि पुढे कधी गेलं नाही.

१९९६ मध्ये सेवायोजन कार्यालयातून कॉल आला आणि मी एका विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयात हंगामी लिपिक म्हणून लागले. त्या विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण अजून नोकरीत आहे. पहिली नेमणूक बारनिशीत. आलेलं टपाल फोडायचं, आवक क्रमांक घालायचा, शिक्का मारायचा आणि कुठल्या विभागाला जायचं ते ओळखून त्या कप्प्यात टाकायचं. काम बघायला सोपं, पण पत्र चुकीच्या कप्प्यात गेलं तर ते महिनाभर कोणाला सापडत नाही आणि तिकडे एखाद्या मुलाचा प्रवेश अडकलेला असतो. बारनिशीचे काका निवृत्तीला आलेले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, “पोरी, पत्राचा पहिला परिच्छेद वाचू नकोस, शेवटचा वाच. माणसाला काय हवंय ते तो शेवटी लिहितो.” ती सवय मला आजवर उपयोगी पडते आहे.

तीन वर्षांनी कायम झाले आणि परीक्षा विभागात गेले. तिथून खरं शिक्षण सुरू झालं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, लेजर, निकालाचं गॅझेट, फेरतपासणी, आणि शेवटी पदवी प्रमाणपत्र. बाहेरच्या माणसाला निकाल म्हणजे एक दिवस वाटतो. आत तो पाच-सहा महिने चालतो आणि त्यात दहा-बारा लोकांच्या सह्या असतात. जुनी लेजरं हाताने लिहिलेली, चामडी पाठीची, एकेक पाच-सहा किलोचं. कुणी १९७० सालच्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत मागायला आलं की मी शिडीवर चढून लेजर काढायची. पान उघडलं की तेव्हाच्या कोण्या लिपिकाचं अक्षर समोर. एकाच लेजरात दोन हातांची अक्षरं दिसली की मी ओळखायची, मधे कोणाची तरी बदली झाली किंवा कोणी रजेवर गेलं. त्यातलं एक अक्षर मला फार आवडायचं. उभं, बारीक, कुठेही खाडाखोड नाही, आणि चूक झालीच तर त्यावर एकच सरळ रेघ आणि शेजारी सही. चुकलेला आकडासुद्धा खालून वाचता येत असे. त्या माणसाचं नाव मला कधी कळलं नाही. पण खाडाखोड कशी करावी हे मी त्याच्याकडून शिकले.

मधल्या काळात मुक्त विद्यापीठातून बीए केलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, त्याने माझ्यासारख्या किती जणींना पदवी दिली असेल! रविवारी अभ्यासकेंद्रावर बसायचं, आठवडाभर लोकलमध्ये पुस्तक वाचायचं. पुढच्या पदोन्नतीला पदवी लागणारच होती, पण ती हातात आली तेव्हा पदोन्नती डोक्यातसुद्धा नव्हती. दुसऱ्यांची हजारो प्रमाणपत्रं माझ्या हाताखालून गेली होती, त्यांत पहिल्यांदा एक माझं होतं.

आणि आता जे सांगायचं आहे ते २००५ सालचं.

पदवी प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याचं नाव मराठीत आणि इंग्रजीत येतं. छपाईआधी नावांच्या याद्या तपासायला येतात, त्यांना आम्ही प्रूफ म्हणतो. प्रूफ तपासायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं शुद्धलेखन चांगलं. शाळेत त्यात बक्षिसं मिळाली होती. एका यादीत मला ‘निलेश’ दिसलं. मुलाचं खरं नाव इथे देत नाही, त्याच प्रकारचं दुसरं घेते. नील अधिक ईश, म्हणजे नीलेश, नी दीर्घ. मी लाल पेनने पहिली वेलांटी खोडली आणि दुसरी दिली. त्याच यादीत ‘दिपक’चं ‘दीपक’ केलं, ‘निलम’चं ‘नीलम’ केलं. अशी अकरा नावं दुरुस्त केली आणि समाधानाने घरी गेले.

आठ महिन्यांनी खिडकीवर एक मुलगा आणि त्याचे वडील आले. जव्हारच्या बाजूचे, पहाटेची एसटी धरून आलेले. नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत त्याचं नाव अडकलं होतं. दहावीचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळीकडे पहिली वेलांटी आणि पदवीवर दुसरी. तिथल्या माणसाने सांगितलं, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं विद्यापीठाकडून लिहून आणा, नाहीतर प्रतिज्ञापत्र करा, आणि पंधरा दिवसांत करा. मुलगा घाबरून गेला होता, त्याला धड बोलता येत नव्हतं. मी लेजर काढलं, अर्ज काढला, परीक्षेचा फॉर्म काढला. सगळीकडे त्याने स्वतःच्या हाताने पहिली वेलांटी दिलेली. मग प्रूफची फाईल काढली, आणि त्यात माझी लाल खूण.

मी त्यांना खरं ते सांगितलं. म्हटलं, ही चूक माझ्या हातची आहे, मी शब्द शुद्ध केला. मुलाचे वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग रागावून नव्हे, अगदी साधेपणाने म्हणाले, “बाई, मास्तरांनी शाळेत घालताना जे लिहिलं तेच आमचं नाव. चुकलेलं असेल, पण आमचं आहे.”

त्या दिवशी मी जेवले नाही. अधीक्षकांकडे गेले, टिपणी लिहिली, त्यात ‘नजरचुकीने’ असा शब्द घातला नाही. नजर चुकली नव्हती, मी जाणूनबुजून बदललं होतं. तेच लिहिलं. साहेबांनी टिपणी दोनदा वाचली. म्हणाले, “नजरचुकीने लिहा, सोपं जाईल.” मी नाही म्हटलं. मला ज्ञापन मिळालं, खुलासा दिला, तो माझ्या सेवापुस्तकाला लागला. मुलाचं पत्र त्याच दिवशी हातोहात सही करून दिलं, नवीन प्रमाणपत्र बाराव्या दिवशी. उरलेली दहा प्रमाणपत्रं मी एकेक करून शोधली. चार अजून वाटप व्हायची होती, ती थांबवली. सहा जणांना पत्रं लिहिली. तिघांनी उत्तर दिलं, त्यांतल्या एका मुलीने कळवलं की तिला दुसरी वेलांटीच आवडली, ती तशीच ठेवणार. तिला मी लिहिलं, मग दहावीच्या दाखल्यापासून सगळीकडे ती करून घ्या, कशी करायची तेही सांगते. तिने केली. राजपत्रात नाव छापून आलं त्याची प्रत मला पाठवली.

तेव्हापासून माझ्या हाताखाली जी मुलं-मुली येतात त्यांना पहिल्या दिवशी मी एकच सांगते. समोरच्या कागदात आपल्या पदरचं काही घालायचं नाही. चुकलं असं वाटलं तर विचारायचं, बाजूला पेन्सिलने टिंब करायचं, पण बदलायचं नाही.

नोकरी पुढे चालत राहिली. वरिष्ठ लिपिक झाले. मशीनं गेली, संगणक आले, एमएस-सीआयटी केलं. सुरुवातीचे मराठी फाँट असे होते की इथे लिहिलेलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की सगळी चिन्हंच दिसायची. मग युनिकोड आलं आणि तो त्रास संपला. पण तिथे वेलांटी अक्षराच्या नंतर मारायची. आधी क, मग वेलांटी, जसं आपण उच्चारतो तसं. बारा-तेरा वर्षांची बोटं उलटी फिरवायला मला एक पावसाळा लागला. नवीन मुलांना यात काही विशेष वाटत नाही. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की कागदावर दिसतं ते आणि तोंडाने बोलतो ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लिपी त्या दोघांच्या मधे उभी असते.

विभागीय परीक्षेचा अभ्यास १९९४ च्या विद्यापीठ कायद्यावर केला होता. कलमं पाठ. आणि १ मार्च २०१७ पासून नवा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू झाला. परीक्षा मंडळाचं परीक्षा व मूल्यमापन मंडळ झालं, प्राधिकरणांची रचना बदलली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पास झाले, अधीक्षक झाले आणि वर्षभरात ठाण्याच्या छोट्या कार्यालयात बदली मागून घेतली. आईला आता एकटं ठेवता येत नव्हतं.

बदलीने रोजचे अडीच तास वाचले. ज्यांनी बावीस वर्षं कळवा ते मुंबई स्लो लोकल केली असेल त्यांनाच अडीच तास म्हणजे काय ते समजेल. लेडीज डब्यात भाजी निवडून झाली होती, क्रोशाचे रुमाल झाले होते, भजनी मंडळात टाळही वाजवून झाले होते. आता संध्याकाळी सहाला घरी. तळावपाळीला फेरी मारायची आणि मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन पुस्तक बदलायचं. ठाण्यातली ही संस्था १८९३ सालची. तिथे कपाटांपुढे उभी असताना मनात आलं की मी जन्मभर लिपिक आहे आणि माझ्याच भाषेची एक सबंध लिपी मला वाचता येत नाही. माझ्या आजोबांच्या पिढीला शाळेत मोडी होती. घरी त्यांची एक वही होती, आम्ही ती न वाचता रद्दीत दिली.

दहा दिवसांचा मोडीचा वर्ग लावला. वर्गात मी वयाने सगळ्यांत मोठी नव्हते, बँकेतून निवृत्त झालेले दोन काका होते, आणि पुरातत्त्व शिकणाऱ्या मुली. पहिल्या दिवशी सरांनी अक्षर शिकवलंच नाही. म्हणाले, आधी पानभर रेघा मारा, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत. मोडीत शिरोरेषा आधी, अक्षरं तिला खालून लटकतात. देवनागरीत आपण शब्द लिहून वर रेघ ओढतो आणि शब्द सुटा होतो. मोडीत सबंध ओळीवर एकच रेघ, शब्द तोडायचा नाही, विरामचिन्ह नाही. वाचणाऱ्याने शब्द कुठे संपला ते अर्थावरून ओळखायचं. आणि वेलांटी एकच. ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही सारखे.

हे सरांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मुलाच्या वडिलांचं वाक्य तेरा-चौदा वर्षांनी कानात वाजलं.

मग नादच लागला. बोरू कसा तासायचा ते शिकले. टोकाला तिरका काप द्यायचा, काप चुकला की जाड-बारीक रेघ येत नाही. रविवारी सकाळी खिडकीशी पाट घेऊन बसायचं, खाली कळव्याच्या पुलावरची गर्दी चाललेली आणि मी एका जुन्या पत्राची झेरॉक्स समोर ठेवून ओळ उतरवून काढते आहे. सुवाच्य अक्षर तीन महिन्यांत वाचता यायला लागलं. लपेटीदार अक्षराला दोन वर्षं गेली. त्यात लिहिणारा हात उचलतच नाही, काना खालून वळसा घेऊन वर जातो आणि पुढच्या अक्षरात शिरतो. अशा वेळी मी एकेक अक्षर ओळखत बसत नाही. आधी त्या माणसाचा हात ओळखायचा. त्याचा र कसा, त्याचा त कसा, ओळीच्या शेवटी जागा कमी पडली की तो काय करतो. जुनी लेजरं वाचताना लागलेली सवयच इथे कामी आली. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली आहे, पण मला संगणकावरची मोडी फारशी भावत नाही. सगळी अक्षरं सारखी, त्यात माणूस दिसत नाही.

कार्यालयात ही गोष्ट कळली. २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारं माणूस सगळ्यांना अचानक हवंसं झालं. लोक घरातले कागद घेऊन यायला लागले. मी पैसे घेत नाही, आणि कार्यालयाच्या वेळेत वाचत नाही, हे दोन नियम घालून घेतले.

आमच्या कार्यालयातून निवृत्त झालेले एक शिपाई मामा आहेत, घणसोलीकडच्या एका गावठाणातले. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ते पुतण्याला घेऊन घरी आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत कापड, कापडात कागद. चार घड्या पडलेल्या, घडीवर फाटलेला, वर राणीचा छाप. घरात पिढ्यानपिढ्या असं सांगत आलेले की हा खाजणातल्या जमिनीचा कागद आहे, आपलं मिठागर होतं. त्या बाजूच्या गावांची जमीन नवी मुंबईसाठी गेली, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड द्यायच्या साडेबारा टक्के योजनेत कोणाला काय मिळालं आणि कोणाचं राहिलं याची भांडणं अजून घराघरांत आहेत. पुतण्याच्या डोळ्यांत तेच दिसत होतं.

मी भिंग घेतलं आणि पहिली ओळ लावली. शके १८११, विरोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १८८९. पुढे ‘धनको नाम’, ‘रिणको नाम’, म्हणजे कर्ज देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव. तिथेच माझ्या लक्षात आलं. हा जमिनीचा कागद नव्हता, कर्जरोखा होता. दोन खंडी भात उसनं घेतलं आहे, पुढच्या पिकाला दिढीने, म्हणजे तीन खंडी करून फेडीन, असं लिहून दिलेलं.

पुतण्या म्हणाला, “मॅडम, ह्या ओळीत मिठागर असा शब्द आहे ना? एकाने सांगितलं होतं आम्हाला.” मी त्याला ते अक्षर भिंगाखाली दाखवलं. म्हटलं, हा भ आहे, हा काना आणि हा त. भात आहे. तो म्हणाला, “पण कागद फाटलाय. मिठागर असूही शकतं. तुम्ही तसं लिहून दिलंत तर आमचं काम होईल.”

मामा त्याच्यावर ओरडणार होते, मी त्यांना थांबवलं. त्या मुलाचा राग मला आला नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, “कागदात आहे तेवढंच मी लिहीन. जिथे फाटलंय तिथे टिंबं देईन.” आणि पुढचं वाचत गेले.

शेवटी साक्षीदारांची नावं होती, खाली ‘हस्ताक्षर’ म्हणून लिहिणाऱ्याचं नाव. लिहिता न येणाऱ्याने तेव्हा आपली खूण करायची. शेतकऱ्याची नांगराची निशाणी मी आधी पाहिली होती. इथे नांगर नव्हता. शाईने काढलेलं एक लहानसं वर्तुळ होतं, खालून थोडं उघडं राहिलेलं, हात थरथरला असावा. शेजारी लिहिणाऱ्याने लिहिलं होतं, ‘निशाणी बांगडीची’.

मी परत वर गेले. रिणको नाम वाचताना मी घाईने पुढे गेले होते. नीट लावलं. बाईचं नाव, पुढे मयत नवऱ्याचं नाव. मामांनी नवऱ्याचं नाव ओळखलं, ते त्यांच्या खापरपणजोबांचं. तो वारल्यावर पोरांना जगवायला तिने भात काढलं होतं. मामा बराच वेळ त्या वर्तुळाकडे बघत बसले. बोट जवळ नेलं, पण कागदाला लावलं नाही.

“नाव काय म्हणालात तिचं?”

“हिरा.”

“आमच्या घरात कधी कोणी हे नाव घेतलं नाही,” ते म्हणाले. “लिहून द्याल?”

मी कोरा कागद घेतला. पेन टेकवलं आणि हात थांबला. मोडीत वेलांटी एकच, आणि नागरीत उतरवताना ती दीर्घच लिहायची. आज आपण नाव लिहितो ‘हिरा’, पहिली वेलांटी. पुतण्याही वाकून बघत होता. मी कागदावर होतं तसं, दुसरी वेलांटी देऊन, ‘हीरा’ लिहिलं. तिच्याखाली पेन्सिलने एक टिंब केलं, आणि ते टिंब कशाचं आहे ते दोघांना समजावून सांगितलं.